भांडार भरण्यापूर्वी
(कचेरीच्या सामायिक सर्व्हरवरील जागेची देखरेख)

धान्याचे कोठार असो, पाण्याचे धरण असो की सरकारी कचेरीतील दप्तरखाना असो, साठा म्हटला की दोन प्रश्न ओघानेच येतात : एकूण मावते किती, आणि आजवर भरले किती? संगणकाच्या साठ्यालाही हेच प्रश्न लागू पडतात. परंतु कोठार डोळ्यांना दिसते, धरणाची भिंत दिसते. संगणकातील साठा मात्र दिसत नाही. तो भरत आला तरी कपाटाचे दार लागेनासे होत नाही की फायली जमिनीवर घसरून पडत नाहीत. काम नेहमीसारखे चालू असते आणि एके दिवशी ते एकाएकी थांबते. हा दिवस येऊ नये म्हणून जी देखरेख करावी लागते, तिची ओळख करून देण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

कला शाखेच्या वाचकांनी या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. आपल्यापैकी अनेकजण पदवी घेऊन पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला एखाद्या कंपनीच्या कचेरीत नोकरीला लागतात. तेथे सर्व्हर बसविण्याचे काम त्यांच्याकडे नसते हे खरे. पण तो भरण्याचे काम दिवसभर त्यांच्याच हातून होत असते. शिवाय त्यातले काय ठेवावे आणि काय टाकावे, हा प्रश्न शेवटी यंत्राला सुटत नाही. तो माणसांनाच सोडवावा लागतो, हे पुढे दिसून येईल.

सामायिक सर्व्हर म्हणजे काय?

पूर्वी कचेरीत एखादे पत्र टंकलिखित झाले की त्याच्या कार्बन प्रती निघत आणि त्या चार टेबलांवर जात. साहेबांनी दुरुस्ती सुचवली की पुन्हा नवे टंकन. आज तोच मजकूर एका मोठ्या संगणकावर एकाच ठिकाणी ठेवलेला असतो आणि चारही माणसे आपापल्या जागेवरून तो उघडतात, वाचतात, त्यात भर घालतात. हा मोठा संगणक म्हणजे सर्व्हर. एकत्र काम करण्यासाठी तो वापरला जातो म्हणून त्याला सामायिक म्हणावयाचे. अशा कामासाठी लोटस नोट्स ही प्रणाली १९८९ साली बाजारात आली आणि मायक्रोसॉफ्टची शेअरपॉइंट ही प्रणाली २००१ साली. आज जगभरच्या कंपन्यांत या किंवा अशाच प्रणालींवर पत्रे, हिशेबाचे तक्ते, नकाशे, छायाचित्रे, बैठकींची चित्रमुद्रणे साठवली जातात.

आता हा सर्व्हर कंपनीच्या स्वतःच्या इमारतीतच असतो असे नाही. पुष्कळ कंपन्या तो भाड्याने घेतात आणि त्याला ‘क्लाउड’ असे गोंडस नाव आहे. क्लाउड म्हणजे ढग. आणि ढगाला सीमा नसते, अशी समजूत सहज होते. प्रत्यक्षात तेथेही जागा मोजूनच मिळते. शेअरपॉइंटच्या भाडोत्री सेवेत संस्थेला सर्वसाधारणपणे मूळ १ टीबी आणि प्रत्येक परवानाधारक कर्मचाऱ्यामागे १० जीबी एवढी जागा मिळते. म्हणजे पाचशे कर्मचाऱ्यांच्या कंपनीला साधारण ६ टीबी. याहून अधिक हवी असेल तर अधिक पैसे मोजावे लागतात.

मापे समजून घेऊ

जीबी, टीबी ही अक्षरे कानांवर पडतात, पण त्यांचा अंदाज येत नाही. संगणकाच्या साठ्याचे लहान माप म्हणजे बाइट. सुमारे हजार बाइटचा एक केबी, हजार केबींचा एक एमबी, हजार एमबींचा एक जीबी आणि हजार जीबींचा एक टीबी. (काटेकोर हिशेबात हजाराऐवजी १०२४ धरतात.) इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटमध्ये मावते. देवनागरीतील प्रत्येक वर्णाला, तसेच काना, मात्रा, वेलांटी यांसारख्या प्रत्येक चिन्हाला आजच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात. दोन हजार चिन्हांचे मराठी पान धरले तर ते सुमारे ६ केबींचे झाले. उलट, खिशातल्या मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र सहज ३ एमबींचे असते. म्हणजे एका छायाचित्राच्या जागेत मराठीची पाचशे पाने बसतात! एखादी जाडजूड कादंबरी आणि स्नेहसंमेलनातील एक छायाचित्र, साठ्याच्या दृष्टीने दोहोंचे वजन सारखेच.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. भांडार भरते ते लिहिण्याने नव्हे, तर चित्रे, ध्वनी आणि चित्रफिती यांच्यामुळे. म्हणून साठ्याची देखरेख करणारा माणूस पहिल्यांदा काय पाहतो, तर कोणत्या प्रकारच्या फायलींनी किती जागा व्यापली आहे. बहुतेक ठिकाणी संख्येने थोड्या असलेल्या मोठ्या फायलीच जागेचा मोठा हिस्सा घेऊन बसलेल्या आढळतात.

साठ्यातला गाळ

धरणात पाण्याबरोबर गाळही येतो. तो तळाशी बसतो आणि वर्षानुवर्षे धरणाची साठवणक्षमता कमी करीत राहतो. सर्व्हरच्या साठ्यातही असा गाळ असतो आणि तोही वरून दिसत नाही.

यातला पहिला प्रकार म्हणजे जुन्या आवृत्त्या. चारजण एकाच फायलीत लिहिणार म्हटल्यावर चूक होण्याचा संभव असतो. म्हणून प्रणाली आधीच्या आवृत्त्याही जपून ठेवते. सोय उत्तम आहे. पण १० एमबींचे एक सादरीकरण पन्नास वेळा दुरुस्त केले आणि प्रत्येक आवृत्ती पूर्ण साठवली गेली, तर ते ५०० एमबींचे होते. पाहणाऱ्याला मात्र एकच फाइल दिसते. शेअरपॉइंटच्या भाडोत्री सेवेत एका फायलीच्या ५०० मुख्य आवृत्त्या ठेवण्याची मर्यादा प्रदीर्घ काळ आपोआप लागू होती. यावरून गाळाची कल्पना यावी.

दुसरा प्रकार केराच्या टोपलीचा. फाइल पुसली म्हणजे ती लगेच नष्ट होत नाही. टोपलीत जाऊन पडते. चुकून पुसलेले परत मिळावे हा त्यातील हेतू. वर सांगितलेल्या सेवेत हा काळ ९३ दिवसांचा आहे. तेवढे दिवस ती वस्तू जागा धरून राहू शकते. त्यामुळे ‘कालच तर एवढे पुसले, मग जागा का वाढली नाही?’ हा प्रश्न पडणाऱ्याने आधी टोपलीत डोकावून पाहावे.

तिसरा प्रकार नकलांचा. ‘अहवाल’, ‘अहवाल अंतिम’, ‘अहवाल अंतिम खरा’, ‘अहवाल अंतिम दुरुस्त’ अशी एकाच मजकुराची भावंडे प्रत्येक कचेरीत नांदत असतात. चौथा प्रकार सर्व्हरने स्वतःसाठी ठेवलेल्या नोंदींचा. कोणी, केव्हा, कोणती फाइल उघडली याची रोजनिशी तो लिहीत असतो. शोध लवकर लागावा म्हणून शब्दांची सूची बनवीत असतो. हे लेखन कोणी मागितलेले नसते, पण जागा त्यालाही लागते. त्याच्याकडे दुर्लक्ष झाले तर वापरणाऱ्यांनी एकही नवी फाइल न ठेवतादेखील सर्व्हर भरू शकतो.

येलदरीचा धडा

देखरेख कशी करावी हे समजण्यासाठी आपल्याच तालुक्यातील उदाहरण घेऊ. पूर्णा नदीवरील येलदरी धरण आपल्या परिचयाचे आहे. त्याची एकूण साठवण सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर. परंतु पावसाळ्यात वर्तमानपत्रांत जो टक्केवारीचा आकडा छापून येतो तो या एकूण साठ्याचा नसतो. तो असतो सुमारे ८०९ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठ्याचा. उरलेला मृतसाठा. आकडा कशाचा आहे हे न पाहता टक्केवारी वाचणारा फसतो. सर्व्हरचेही तसेच. १,००० जीबींच्या तबकडीतील सगळी जागा वापरणाऱ्यांसाठी नसते. प्रणालीला स्वतःच्या हालचालीसाठी काही जागा मोकळी लागते.

दुसरी गोष्ट. मोठ्या धरणावर आजची पातळी पाहून अभियंता थांबत नाही. पाण्याची आवक कोणत्या वेगाने होत आहे, पावसाळ्याचे किती दिवस उरले आहेत, दारे उघडली तर खाली पाणी किती वेळात पोहोचेल, याचाही हिशेब तो मांडतो. कोणत्या तारखेला पातळी कोठवर असू द्यावी, याचे वेळापत्रक ठरलेले असते. पूर दारात आल्यावर जागा करणे अवघड असते. ती आधीच करून ठेवावी लागते.

हाच हिशेब सर्व्हरला लावू. समजा, दोन कंपन्यांकडे प्रत्येकी १,००० जीबींचा सर्व्हर आहे आणि दोन्ही आज ८०० जीबी भरलेले आहेत. पडद्यावर दोन्हीकडे ८० टक्के हाच आकडा दिसेल. पण पहिल्या कंपनीचा साठा महिन्याला ५ जीबींनी वाढत असेल आणि दुसरीचा दिवसाला ५ जीबींनी, तर पहिलीच्या हातात ४० महिने आहेत आणि दुसरीच्या हातात अवघे ४० दिवस. आता जागा वाढविण्यासाठी प्रस्ताव, मंजुरी, खरेदी आणि जोडणी या सर्वांना मिळून ४५ दिवस लागतात असे धरा. दुसरी कंपनी आजच उशीर करून बसलेली आहे. फक्त तिला ते ठाऊक नाही.

तेव्हा इशाऱ्याची रेषा कोठे आखावी? रोजची वाढ गुणिले उपाय करण्यास लागणारे दिवस, अधिक प्रणालीच्या हालचालीसाठी लागणारी जागा. वरील उदाहरणात ५ गुणिले ४५ म्हणजे २२५ जीबी. त्यात १०० जीबी हालचालीसाठी मिळविले तर ३२५ जीबी. म्हणजे ६७५ जीबी भरताच घंटा वाजली पाहिजे. ‘८० टक्क्यांना इशारा’ हा सर्रास पाळला जाणारा नियम येथे निरुपयोगी ठरतो. तोच नियम पहिल्या कंपनीत विनाकारण घंटा वाजवीत बसेल. आणि रोज वाजणाऱ्या घंटेकडे कोणी लक्ष देत नाही, हा शाळेपासूनचा अनुभव आहे.

तीन घटना, तीन धडे

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून जगात घडलेल्या तीन घटना येथे देतो.

पहिली घटना टोयोटा या जपानी मोटार कंपनीची. या कंपनीचे मराठवाड्याशीही आता नाते जुळते आहे. छत्रपती संभाजीनगर येथील नियोजित कारखान्यासाठी टोयोटा किर्लोस्कर कंपनीने ३१ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाशी सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. त्याच्या आदल्या वर्षी, २९ ऑगस्ट २०२३ रोजी, टोयोटाचे जपानमधील १४ कारखाने आणि त्यांतील २८ उत्पादनमार्ग बंद पडले. ना संप, ना भूकंप. सुट्या भागांच्या मागण्या नोंदविणारे काही सर्व्हर चालेनासे झाले होते. कंपनीने नंतर कारण जाहीर केले. २७ ऑगस्टला नियमित देखभालीचे काम होते. त्यात साठलेली माहिती पुसून तिची नीट मांडणी करावयाची होती. हे चालू असतानाच तबकडीवरील जागा अपुरी पडली आणि प्रणाली थांबली. राखीव सर्व्हर होता. पण तोही त्याच प्रणालीवर चालत असल्याने त्यालाही तीच बाधा झाली. अखेर अधिक क्षमतेच्या सर्व्हरवर माहिती हलविल्यावर काम पुन्हा सुरू झाले. टोयोटाच्या पद्धतीत सुटे भाग गोदामात साठवून ठेवीत नाहीत, गरजेपुरते वेळेवर मागवतात. म्हणून मागणी थांबताच कारखाना थांबला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, साफसफाई करायलासुद्धा जागा लागते. खोली झाडायची तर आधी सामान ओसरीवर काढावे लागते. ओसरीच अडगळीने भरली असेल तर झाडू हातात घेऊनही उपयोग नाही. आणि राखीव व्यवस्था मूळ व्यवस्थेच्याच दुखण्याने आजारी पडणार असेल, तर तिला राखीव म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरी घटना गूगलची. १४ डिसेंबर २०२० रोजी सायंकाळी, कोरोनामुळे शिक्षण घरून चालू असताना, जीमेल, यूट्यूब आदी सेवा सुमारे पाऊण तास बंद पडल्या. आपल्याकडील ऑनलाइन वर्गांनाही त्याची झळ पोहोचली. वापरणाऱ्याची ओळख पटविणाऱ्या विभागाला किती साठा वापरू द्यावा, हे ठरविणारी एक स्वयंचलित यंत्रणा होती. तिच्या जुन्या भागाने वापर ‘शून्य’ असल्याची चुकीची नोंद दिली. शून्य वापर म्हणजे जागेची गरज नाही, असे समजून यंत्रणेने वाटा कमी केला आणि सारे दरवाजे बंद झाले. जागा होती, मोजपट्टीच खोटी होती. म्हणून मोजणाऱ्यालाही मधूनमधून तपासावे लागते. वापर एकाएकी शून्यावर आला किंवा महिनोन्महिने तसूभरही हलला नाही, तर आनंद न मानता शंका घ्यावी.

तिसरी घटना पृथ्वीवरची नाही. अमेरिकेचे ‘स्पिरिट’ हे यान जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरले आणि २१ जानेवारीपासून त्याचे वर्तन बिघडले. ते पुन्हा पुन्हा स्वतःच बंद होऊन सुरू होई. त्याच्या साठ्यात प्रवासकाळापासूनच्या असंख्य फायली तशाच राहिल्या होत्या. त्या सर्वांची सूची सांभाळण्यास लागणारी कार्यस्मृती पुरेनाशी झाली होती. पृथ्वीवरून संदेश पाठवून अभियंत्यांनी फायली पुसल्या आणि यान वाचले. भांडार आकारमानाने भरण्याआधी वस्तूंच्या संख्येनेही भरू शकते, हा यातील बोध. देखरेख करताना किती जीबी हे जसे पाहावे, तसे किती फायली हेही पाहावे.

पुसायचे कोणी?

येथवरचे काम यंत्राला शिकविता येते. मोजणे, वाढीचा वेग काढणे, इशारा देणे हे ते न थकता करील. पण इशारा आल्यावर पुढे काय? बहुतेक कचेऱ्यांत याच ठिकाणी गाडे अडते. सर्व्हर सांभाळणाऱ्याला फायलीचा आकार कळतो, मोल कळत नाही. ज्याला मोल कळते त्या कर्मचाऱ्याला पुसण्याची भीती वाटते. उद्या साहेबांनी मागितले तर? परिणामी कोणीच काही पुसत नाही आणि दरवर्षी नवी जागा विकत घेतली जाते.

गंमत अशी की, या प्रश्नाचे एक चांगले उत्तर महाराष्ट्राच्या कागदी कारभारात फार पूर्वीच दिले गेले आहे. शासकीय कार्यालयांत अभिलेखांचे वर्ग पाडतात. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग ३० वर्षांचा, ‘क-१’ दहा वर्षांचा, ‘क’ पाच वर्षांचा आणि ‘ड’ एका वर्षाचा. त्याच्या जोडीला सहा गठ्ठा पद्धत आहे. कर्मचाऱ्याने आपल्याकडील कागद सहा गठ्ठ्यांत लावावयाचे. चालू प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिक विवरणे आणि स्थायी आदेश हे पहिले चार. अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद हा पाचवा आणि नष्ट करावयाचे कागद हा सहावा. १९८०च्या दशकात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन कामकाजात ज्या सुधारणा केल्या, त्या ‘लखिना पॅटर्न’ या नावाने प्रसिद्ध आहेत. दप्तराची शिस्तशीर लावणी हा त्यांचा गाभा होता.

या व्यवस्थेतील शहाणपण पाहा. कागद केव्हा नष्ट करावयाचा हे तो जन्माला येतानाच ठरते. कपाट भरल्यावर नव्हे. पुसण्याचा निर्णय एका माणसाच्या धाडसावर अवलंबून राहत नाही, नियमावर राहतो. सामायिक सर्व्हरवरही प्रत्येक फोल्डरला असा वर्ग आणि एक जबाबदार धनी असावा. हिशेबाच्या वह्या कंपनी कायदा २०१३ नुसार किमान आठ आर्थिक वर्षे जपाव्या लागतात. त्यांना हात लावायचा नाही. बैठकीचे इतिवृत्त कायम ठेवावे. बैठकीचे दोन तासांचे चित्रमुद्रण मात्र इतिवृत्त मंजूर झाल्यावर कशाला? हा भेद करण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. अस्सल साधन कोणते, दुय्यम कोणते, नक्कल कोणती हे इतिहासाच्या वर्गात आपण शिकतोच. त्याच विवेकाची येथे गरज आहे.

आपल्या दारातला प्रश्न

हा प्रश्न कंपन्यांपुरता राहिलेला नाही. गूगलने शैक्षणिक संस्थांना एकेकाळी अमर्याद साठा देऊ केला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिने धोरण बदलल्याचे जाहीर केले आणि २०२२ पासून एका संस्थेला सर्वांत मिळून १०० टीबी अशी मर्यादा घातली. शंभर टीबी म्हणजे एक लाख जीबी. आकडा मोठा आहे. पण विद्यार्थी, प्राध्यापक, कार्यालय, कार्यक्रमांची छायाचित्रे, मूल्यांकनासाठी जमविलेले पुरावे, ऑनलाइन तासांची मुद्रणे हे सर्व एकाच कोठारात जाते. ‘अमर्याद’ हा शब्द दुसऱ्याच्या मालकीच्या कोठारावर लिहिलेला असेल, तर तो केव्हाही पुसला जाऊ शकतो, हे या प्रसंगाने अनेक संस्थांना शिकविले.

म्हणून कोणत्याही लहानमोठ्या संस्थेला पाळता येतील अशा चार गोष्टी येथे सुचवाव्याशा वाटतात. दर महिन्याच्या एक तारखेला साठा किती झाला याची एका वहीत नोंद करावी. बारा नोंदींतून वाढीचा वेग आपोआप कळतो. प्रत्येक सामायिक फोल्डरवर धन्याचे पद आणि ठेवण्याची मुदत लिहावी. भरल्याचा इशारा एकापेक्षा अधिक माणसांना आणि निराळ्या मार्गाने जावा. ज्या टपालपेटीत तो जायचा तीच भरलेली असेल तर इशारा पोहोचणार कसा? आणि वर्षातून एकदा, परीक्षा संपल्यावर, सर्वांनी बसून सहावा गठ्ठा बांधावा.

एक सावधगिरी मात्र हवी. जागा वाचविण्याच्या भरात जे पुन्हा मिळणार नाही ते पुसले जाऊ नये. गावातील वृद्धांच्या मुलाखती, जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे, जुन्या कागदांची छायाचित्रे ही फार जागा घेतात. केवळ आकार पाहून पुसणारे यंत्र पहिला घाव त्यांच्यावरच घालील. तेव्हा कोणीतरी म्हटले पाहिजे की, हा ‘अ’ वर्ग आहे, याला हात लावू नका. जागा करायची तर त्या ‘अहवाल अंतिम खरा’च्या सतरा नकला काढा. हे म्हणणारा माणूस कला शाखेतून गेलेला असेल, तर त्याचे शिक्षण सार्थकी लागले असेच म्हणावे लागेल.